कोळसा आहे ना

शाळेची मुलं आमच्या प्लांटवर आली की मी त्यांना आधी नाकावरचा हात काढायला सांगत असे. "पाच मिनिटं वास येईल," मी म्हणायचो, "सहाव्या मिनिटाला नाक दमतं आणि गप्प बसतं. मग आपण बोलू." मुलं हसायची, एकेक बोट सैल करायची आणि पुन्हा नाक धरायची. त्यांच्या बाई तर शेवटपर्यंत रुमाल सोडायच्या नाहीत.

छत्तीस वर्षं मी सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होतो. निवृत्त झाल्यावरही शनिवारची मुलांची फेरी माझ्याकडेच राहिली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. मुलं मला गटारआजोबा म्हणत. हे नाव घरी पोचलं तेव्हा आमची ही इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर मी दारात आलो की ती आतून ओरडायची, "आले का गटारआजोबा? पाय धुऊनच आत या, घरात पोरं बसलीत." पोरं शेजारपाजारची असायची. गणितं सोडवायला आमच्याकडे येत. ही त्यांना पाणी द्यायची आणि मी पाढे विचारायचो.

आमचा प्लांट लहान होता. वसाहतीतली तीनशे घरं आणि एक वृद्धाश्रम, एवढ्यांचंच पाणी त्यात यायचं. शहराचा मोठा प्लांट दूर, दुसऱ्या टोकाला. आमच्या कुंपणामागे खडक आणि खडकांमागे समुद्र. मुलांना मी एकेक टाकी दाखवत न्यायचो. पहिल्या जाळीत चिंध्या, केस, खेळण्यातले हातपाय अडकतात. दुसऱ्या टाकीत आम्ही हवा सोडतो, तिथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खातात. तिसऱ्या टाकीत पाणी स्वस्थ पडून राहतं आणि गाळ खाली बसतो. वरचं पाणी पाइपाने खडकांच्या खोबणीत जातं. "बघा, आता हे पाणी दिसतं कसं?" मी विचारायचो. "स्वच्छ!" मुलं ओरडायची, आणि माझी छाती फुगायची.

एका शनिवारी दुसरीच्या वर्गातली एक मुलगी ओरडली नाही. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. दोन शेंड्या, पुढचा दात पडलेला. तिला मी प्रश्नपत्रिका म्हणत असे, कारण तिच्याशी बोलणं म्हणजे परीक्षेला बसणं.

"आजोबा, मला ताप आला होता ना, तेव्हा मी गोळी खाल्ली. ती गोळी आता कुठे आहे?"

"तुझ्या अंगात गेली. ताप गेला की नाही?"

"सगळी अंगात राहिली?"

"नाही. थोडी अंगाने वापरली, उरलेली तू आमच्याकडे पाठवलीस. सकाळी उठल्या उठल्या."

मुलं खो खो हसली. ती हसली नाही. "मग ती जाळीत अडकते का?"

"नाही. विरघळलेली असते."

"जिवाणू खातात?"

"थोडी खातात. बाकीची त्यांना आवडत नाही."

"खाली बसते?"

"नाही बसत."

"मग पाणी स्वच्छ कसं?"

मी टाळी वाजवून रांग फाटकाकडे वळवली. घरी येऊन मी ही गोष्ट हसत हसत सांगितली. आमची मुलगी ठमी तेव्हा जेवत होती. तिने हातातला घास खाली ठेवला. "बाबा, त्या मुलीला माझ्याकडे नोकरीला पाठवा," ती म्हणाली. "मी सहा वर्षं साहेबांना हेच विचारतेय."

ठमी आमच्याच प्लांटच्या प्रयोगशाळेत रसायनं तपासायची. ठमी हे अर्थातच घरातलं नाव. कार्यालयात तिला मॅडम म्हणत आणि मी समोर आलो की तीही मला "काका, बाटल्यांना हात लावू नका" असं सगळ्यांदेखत सुनवायची. पण ती जे सांगत होती ते मला कळत होतं. औषधं, साबणातली द्रव्यं, डास मारायची फवारणी, असं सगळं पाण्यात चिमटीच्याही चिमटीइतकं उतरतं, डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि आमच्या तिन्ही टाक्यांतून निसटून थेट समुद्रात जातं. माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण जो जीव जन्मभर त्याच पाण्यात बसून असतो, त्याला वाटतं.

हे तिने मला खडकांवर नेऊन दाखवलं. ओहोटी होती. आमच्या पाइपाच्या तोंडाजवळ खडकांना शंखातल्या गोगलगायी चिकटलेल्या असतात. मी त्या छत्तीस वर्षं बघत आलो होतो. ठमीने माझ्याकडून तारेची एक हातभर चौकट वाकवून घेतली होती. ती तिने खडकावर ठेवली आणि म्हणाली, "मोजा."

मी मोजल्या. सव्वीस.

"आता नखाएवढ्या लहान किती, ते मोजा."

मी गुडघे टेकून शोधलं. चौकट तीन वेळा हलवली. एकही नव्हती. सगळ्या अंगठ्याएवढ्या, जुन्या, पाठ झिजलेल्या.

"सगळ्या म्हाताऱ्याच आहेत," मी म्हणालो.

"हो. इथे पिल्लंच होत नाहीत. कुठल्या एका औषधामुळे असं मला म्हणता येणार नाही. पण दोन मैल पलीकडे, जिथे पाइप नाही, तिथे लहान मोजता मोजता माझी पाठ भरून येते."

मी त्या सव्वीस म्हाताऱ्यांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी मुलांना तिथून पाच पावलांवर उभं करून पाणी कसं दिसतं ते विचारत होतो.

*

ठमीला शेवटी तीन वर्षांसाठी एक टाकी मिळाली. तिसऱ्या टाकीच्या पुढे चौथी, पत्र्याची, उभी. आत खास भाजलेल्या कोळशाचे दाणे. पाणी त्यातून झिरपायचं आणि औषधाचे कण कोळशाच्या छिद्राछिद्रांत अडकायचे.

मुलांना हे समजावण्यासाठी मी एक खेळ तयार केला. प्लास्टिकची बाटली उलटी धरायची, तोंडाशी कापूस, वर कोळशाचे दाणे. वरून निळ्या शाईचं पाणी ओतायचं. खालून पाण्यासारखं पाणी. मुलं टाळ्या वाजवायची. प्रश्नपत्रिका मात्र ओततच राहायची. आठवा पेला, नववा पेला, आणि मग ती ओरडायची, "आजोबा, निळं आलं!"

"येणारच. कोळशाचंही पोट भरतं. आणि एकदम खूप ओतलंस तर त्याला पकडायला वेळच मिळत नाही."

हे मी स्वतः शिकवलेलं आहे. दर शनिवारी.

टाकीची अट साधी होती. शेवटच्या वर्षात सहा चाचण्या. प्रत्येक चाचणीत एक यंत्र चोवीस तास दर तासाला कपभर पाणी घेणार, बाटली मोहोरबंद होऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार. सहाच्या सहा वेळा औषधांचं प्रमाण ठरलेल्या रेषेच्या खाली आलं, तर आमची टाकी कायम होणार आणि तशीच मोठ्या प्लांटलाही बसणार. एकदा जरी वर गेलं, तर प्रयोग बंद.

चाचणीच्या तारखा ठमी कुणालाच सांगायची नाही. घरातसुद्धा नाही. "आईला कळलं तर ती त्या दिवशी भांडीही जपून घासेल," ती म्हणायची. "मला रोजचं पाणी हवंय. शहाण्यासारखं वागणारं नको."

"मी कधी वेड्यासारखी वागते गं?" ही विचारायची.

पाच चाचण्या पार पडल्या. पाचही रेषेच्या खाली. आणि त्या वर्षीच्या मोजणीत, तारेच्या चौकटीत, नखाएवढ्या लहान अकरा गोगलगायी सापडल्या. ठमीने प्रत्येकीच्या शंखावर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला, पुढच्या वर्षी ओळखता याव्यात म्हणून. ती धावत घरी आली, ओल्या चपलांनी थेट आतल्या खोलीत गेली आणि आईच्या पलंगावर बसली. "अकरा, आई!"

"बारशाला किती बोलवायचे?" हिने विचारलं. तेव्हा तिला उशीवरून मान उचलवत नव्हती.

*

आमची ही तेव्हा दोन वर्षं आजारी होती. छातीत गाठ निघाली, ती कापली, मग दुसरीकडे निघाली. रोजची एक गाठीवरची गोळी, दुखण्यावरच्या तीन, वर तपकिरी बाटलीतलं कडू औषध. सगळं एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचं. चुकू नये म्हणून गोळ्यांच्या चकचकीत पाकिटांवर ती पेनाने अक्षरं काढायची. सकाळच्या गोळीवर 'स', दुपारच्या 'दु', रात्रीच्या 'रा'. पुढे पुढे हात थरथरायला लागला तरी अक्षर तिनेच काढायचं. मी एकदा लिहायला गेलो तर म्हणाली, "तुमचा 'दु' मला सतरा वाटतो."

ती गेली तेव्हा डब्यात तीन महिन्यांचं औषध शिल्लक होतं. डॉक्टरांनी नुकतंच भरून दिलं होतं.

डबा मी कपाटात वरच्या फळीवर ठेवला. ठमी त्या कपाटाकडे बघायची नाही, मीही नाही. दीड महिना तसाच गेला. एका संध्याकाळी प्रश्नपत्रिका गणितं घेऊन आली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. बाहेर डबा खुळखुळला. मी धावलो तर ती खुर्चीवर चढून डबा छातीशी धरून उभी.

"आजोबा, यातल्या पांढऱ्या खाऊ? आजी मला पांढऱ्या द्यायची."

ही तिला पेपरमिंटच्या द्यायची, दुसऱ्या डब्यातून. मी तिच्या हातून डबा असा हिसकावला की ती घाबरून रडायला लागली. एकही गोळी तिने खाल्ली नव्हती. पण त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही.

सकाळी ठमी लवकर कामावर गेली. मी डबा पिशवीत घालून औषधांच्या दुकानात गेलो. "एकदा दिलेली औषधं परत घेत नाही, काका," दुकानदार म्हणाला. कचऱ्यात टाकावीत तर आमच्या कचराकुंडीत कुत्री तोंड घालतात, कधी पोरंही. पुरावीत तर अंगणात तीच पोरं खेळतात. मी घरी आलो, न्हाणीघरात स्टुलावर बसलो, आणि मग मला वाटलं, अरे, मी प्लांटचा माणूस. माझ्या पाइपाच्या शेवटी माझ्या मुलीची टाकी आहे. कोळसा आहे ना.

मी हे जसं झालं तसंच सांगतो आहे. निष्काळजीपणाने मी काहीच केलं नाही. एकेक गोळी पाकिटातून दाबून काढली. गाठीवरच्या गोळ्यांचीच बारा पाकिटं, दुखण्याची वेगळी. अख्ख्या गोळ्या टाकल्या तर त्या जाळीत जाऊन बसतील, हे छत्तीस वर्षांचं ज्ञान. म्हणून बादलीत गरम पाणी घेतलं, गोळ्या त्यात सोडल्या, लाकडी दांड्याने ढवळत बसलो. पाणी दुधासारखं झालं. वरून तपकिरी बाटली रिकामी केली. मग बादली उचलून संडासात ओतली आणि दोन वेळा पाणी सोडलं.

जीव भांड्यात पडला.

पाकिटं मात्र टाकवली नाहीत. तिचं अक्षर होतं त्यांच्यावर. ती पुन्हा डब्यात रचली आणि डबा फळीवर ठेवला.

त्या दिवशी सहावी चाचणी होती.

*

अहवाल तीन आठवड्यांनी आला. दुपारी ठमी घरी आली, चप्पल न काढता टेबलाशी बसली आणि कागद पुढे सरकवला. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण कोळशापुढच्या आकड्याभोवती लाल गोल होता.

"रेषेच्या वर?" मी विचारलं.

"खूप वर. आणि बाबा, औषध कुठलं आलंय माहीत आहे? आईची गोळी. गाठीवरची."

मी कागद तिच्याकडे परत सरकवला.

"आधी मला वाटलं, वसाहतीत दुसऱ्या कुणाला तोच आजार असेल. पण अंगातून गेलेली गोळी पाण्यात वेगळी दिसते, शरीर तिची मोडतोड करतं. ही मोडलेलीच नाही. कुणीतरी पाकिटातून काढून सरळ ओतली आहे. भरपूर." तिने डोळे चोळले. "कुणाच्या तरी घरी कुणी तरी गेलं असेल. आपल्यासारखंच."

"मग आता?"

"कारण लेखी सापडलं, पुराव्यासकट, तर फेरचाचणी मागता येते. पाच दिवस आहेत."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. मनात काय होतं म्हणाल तर शनिवार. रांगेत उभी असलेली मुलं, आणि त्यांच्यापुढे उभा असलेला मी.

दोन दिवस ठमी दारोदार फिरली. मी खिडकीतून तिला एका इमारतीतून निघून दुसरीत शिरताना बघत होतो. वृद्धाश्रमात तिने विचारलं तेव्हा एक बाई रडायला लागल्या, आपल्यावर आळ आला असं वाटून. ठमी तासभर त्यांच्या शेजारी बसून आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती पाय ओढत.

"कुणी कबूल होत नाही. मी तरी कशाला झाले असते?" ती म्हणाली. मग खुर्ची ओढून कपाटाशी गेली. "आईच्या पाकिटावर कंपनीचं नाव असेल. ते घेऊन दुकानात विचारते, तीच गोळी आणखी कोण नेतं ते."

"ठमे, थांब."

तिचा हात डब्यापर्यंत पोचला होता. तिने डबा उचलला आणि ती तशीच उभी राहिली. डबा हलका होता, हे तिच्या खांद्यांवरून मला दिसलं.

मी सगळं सांगितलं. प्रश्नपत्रिका, दुकानदार, बादली. ती खुर्चीवरून उतरली नाही. वरूनच विचारलं, "विरघळवून?"

"हो."

"का?"

"पाइप तुंबू नये म्हणून."

ती हसली. खरंच हसली, आईसारखी, मान मागे टाकून. आणि हसता हसताच तो आवाज फुटला. ती खुर्चीवर बसली, डबा मांडीवर घेऊन.

"मला वाटलं," मी म्हणालो, "कोळसा आहे ना."

"मुलांना तुम्हीच शिकवता ना, एकदम ओतलं तर निळं येतं म्हणून?"

"हो."

"मग?"

"ती शाई असते गं," मी म्हणालो. "ही तुझी आई होती. मला वाटलं, तुझा कोळसा तिला सोडणार नाही."

बराच वेळ ती पाकिटं उलगडत राहिली. एकेक काढायची, अक्षर बघायची, मांडीवर ठेवायची. मग म्हणाली, "दोन दिवस मला फिरू दिलंत, बाबा." एवढंच. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

*

टाकीचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे मी माझी जुनी नोकरीतली पँट घालून गेलो. अध्यक्षबाई शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. शेजारी इंजिनिअर बसला होता, त्याला मी त्याच्या पहिल्या दिवशी जाळी साफ करायला शिकवली होती. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

मी उभा राहून सांगितलं. डबा उघडून रिकामी पाकिटं टेबलावर मांडली. ठमीने हिशोब दिला: इतक्या गोळ्या, इतकं औषध, तीनशे घरांचं एका दिवसाचं पाणी. आकडा अहवालाशी जुळत होता.

"म्हणजे बघा," ठमी म्हणाली, "एवढं सगळं एका बादलीत येऊनही कोळशाने दहातले नऊ भाग पकडले. नेहमीच्या दिवशी हे होत नाही. मला एक फेरचाचणी द्या."

अध्यक्षबाईंनी एक पाकीट उचलून अक्षर पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं. "काका, तुम्ही किती वर्षं प्लांटवर होतात?"

"छत्तीस."

"मुलांना हेच शिकवता?"

"हो."

"मग मला सांगा. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने हे केलं. मोठ्या प्लांटवर लाखभर घरं आहेत. तिथे असा डबा रोज कुठल्या ना कुठल्या घरात रिकामा होणार की नाही?"

मी ठमीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मला खोटं बोलता आलं असतं, पण समोर ती पाकिटं होती.

"होणार," मी म्हणालो.

"तर मग हाच नेहमीचा दिवस," बाई म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. "रोजचं पाणी हवं, शहाण्यासारखं वागणारं नको, असं मॅडमच्याच अर्जात लिहिलेलं आहे. ते आलं."

फेरचाचणी मिळाली नाही. इंजिनिअर बाहेर माझ्यामागे आला आणि म्हणाला, "काका, वसाहतीत उरलेली औषधं गोळा करायला एक पेटी ठेवू या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही." तो माझं सांत्वन करत होता. मी हो म्हणालो.

मी पाकिटं परत मागितली तेव्हा कारकून म्हणाला, "आजोबा, पुरावा आहे हा, फाइलला लागतो." आणि माझ्यादेखतच त्याने पाकिटांचा गठ्ठा नीट जुळवून भोकं पाडायच्या यंत्रात घातला. खट्कन आवाज झाला. वरच्या पाकिटावरचा 'रा' अर्धा गेला. दोऱ्यात ओवून त्याने ती फाइल बांधली.

"एक झेरॉक्स तरी काढून द्याल?" मी विचारलं.

बिचाऱ्याने काढून दिली. चकचकीत पाकिटाची झेरॉक्स येत नाही, हे तेव्हा कळलं. कागद सगळा काळा आला. अक्षर कुठेच नव्हतं.

*

पत्र्याची टाकी ट्रकवरून गेली त्या शनिवारी चौथीचा नवा वर्ग आला होता. प्रश्नपत्रिका पाचवीत गेली होती, तरी मागे उभी होती. मी तिन्ही टाक्या दाखवल्या. चौथीच्या जागी सिमेंटचा गोल ओटा आणि चार बोल्ट उरले होते.

"आजोबा, इथे काय होतं?" एकाने विचारलं.

मी उलटी बाटली काढली, शाई काढली, खेळ करून दाखवला. मग उरलेली अख्खी दौत एकदम ओतली. खाली निळंगर्द पाणी आलं. मुलं आनंदाने ओरडली. मी त्यांना शांत होऊ दिलं आणि मग सांगितलं की असंच एकदा एका माणसाने केलं, त्याला सगळं माहीत असूनही.

"शहाणा होता तरी?"

"हो."

"त्याला ओरडले का कुणी?"

"नाही रे," मी म्हणालो. "कुणीच नाही."

मागे उभी असलेली प्रश्नपत्रिका पहिल्यांदाच काही विचारत नव्हती. खालच्या मजल्यापर्यंत गोष्ट पोचली असणार. मुलं रांगेने फाटकाकडे निघाली तेव्हा तिने माझ्या हातातली निळी झालेली बाटली घेतली आणि नळाखाली धरली. मी तिला थांबवलं. "इथे नको धुऊस. दे, मी नंतर बघतो." ती बाटली तशीच कपाटात आहे.

फाटकापाशी आता लाकडी पेटी आहे. कुलूप माझ्याकडे असतं. लोक औषधं आणून टाकतात, कुणी आठवड्याला, कुणी घरातलं माणूस गेल्यावर. तसं कुणी आलं की मी खुर्ची देतो. पाकिटांवर काही लिहिलेलं असेल तर तेवढी पाकिटं परत घरी न्यायला सांगतो.

वर्षाने, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, ठमी आणि मी चौकट घेऊन खडकांवर गेलो. तिने आता मोठ्या प्लांटवर बदली घेतली आहे, तिथे ती पुन्हा अर्ज लिहिते आहे. त्या दिवशी ती रजा काढून आली होती. चौकट मी ठेवली. गुडघे आता टेकवत नाहीत, म्हणून ती वाकली आणि मी वही धरली.

खूप वेळ तिने शोधलं. शंखांखाली, फटींत, शेवाळ बाजूला करून.

"ठिपकेवाल्या नऊ आहेत," ती म्हणाली. "दोन गेल्या. बघा, केवढ्या झाल्यात."

मी वाकून पाहिलं. अंगठ्याएवढ्या झाल्या होत्या. पांढरा ठिपका पाठीवर ताणून फिका पडला होता.

"आणि लहान?"

तिने चौकट उचलून फूटभर पुढे ठेवली, पुन्हा शोधलं. मग आणखी फूटभर. पाणी परत चढायला लागलं होतं, तिच्या पावलांवरून एक लाट गेली.

"शून्य लिहू का?" मी विचारलं.

"थांबा, बाबा," ती म्हणाली, "ही एक फट राहिली आहे." आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला.